नजरेखालचे सहा महिने

आमच्या लेकीची एम.एस्सी. झाली. विषय क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डायटेटिक्स. आता नावापुढे ‘आरडी’, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन, असं लावायचं तर इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेआधी मान्यताप्राप्त रुग्णालयात, अनुभवी आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सहा महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. आम्ही लातूरला राहतो. तिला जागा मिळाली पुण्यात, आणि तीही बिनपगारी. त्याच सुमारास ऑनलाइन आहारसल्ला देणाऱ्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली. पगार पहिल्या महिन्यापासून. त्यांना इंटर्नशिपही नको होती आणि आरडीही.

माझी मोठी नणंद मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयातून आहारतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाली. तिच्या हाताखालून कितीतरी मुली तयार होऊन गेल्या. दिवाळीत ती आली तेव्हा आत्या-भाचीत हा विषय निघाला आणि भाऊबीज उलटून गेली तरी संपला नाही. मी प्राथमिक शिक्षिका. त्यांच्या शास्त्रातलं मला वरवरचंच कळतं. पण ज्या घरात डॉक्टरांनी कधी ना कधी ‘पथ्य सांभाळा’ म्हटलं आहे, त्या प्रत्येक घराचा या वादाशी संबंध आहे असं ऐकताना वाटत गेलं, म्हणून तो इथे मांडते आहे.

लेक : शिकायचं नाही असं मी म्हणतच नाही, आत्या. पण शिकणं वेगळं आणि फुकट राबणं वेगळं. माझ्या पुढच्या वर्षाच्या मुली इंटर्नशिपला जाऊन आल्यात. सकाळी लवकर हजर व्हायचं. कुठल्या खाटेला साधं जेवण, कुठल्या खाटेला मऊ, कोणाला कमी मिठाचं, कोणाला मधुमेहाचं, कोणाला नळीतून, याची वॉर्डावॉर्डातून मोजदाद करायची. ती यादी स्वयंपाकघरात द्यायची, ताटं बरोबर गेली का ते पाहायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. शिकवणारी डायटिशियन एकटी आणि तिच्यावर सगळं रुग्णालय. ती कधी शिकवणार? यासाठी मी पाच वर्षं शिकले?

आत्या : ताटं जाताना तुझ्या मैत्रिणींनी पाहिली. परत येताना पाहिली का?

लेक : म्हणजे?

आत्या : कागदावर तू अठराशे कॅलरी लिहितेस, साठ ग्रॅम प्रथिनं लिहितेस. ताट परत येतं तेव्हा भाकरी तशीच असते, कारण म्हाताऱ्याची कवळी घरी राहिलेली असते. डाळीला बोटसुद्धा लावलेलं नसतं, कारण सकाळच्या गोळीने तोंड कडू पडलेलं असतं. अंडं गायब असतं, पण ते सोबत बसलेल्या नातवाने खाल्लेलं असतं. केस शीटवर रुग्णाला साठ ग्रॅम प्रथिनं मिळाली, पोटात वीससुद्धा गेली नाहीत. आणि जखम का भरत नाही म्हणून सर्जन विचारतात तेव्हा उत्तर त्या परत आलेल्या ताटात असतं. माझ्या मुलींना पहिल्या आठवड्यात मी उष्टी ताटंच बघायला लावायची. मुलींना राग यायचा. पण दुसऱ्या आठवड्यापासून त्या रुग्णाला ‘जेवलात का?’ असं विचारत नसत, ‘ताटातलं काय उरलं?’ असं विचारत. त्या प्रश्नाने उत्तर खरं मिळतं.

लेक : पटलं. पण हे एका आठवड्याचं शिक्षण झालं. सहा महिने कशाला?

इथे आत्याने जे सांगितलं ते मी लक्ष देऊन ऐकलं, कारण आमच्या शेजारच्या घरात हाच गोंधळ मी पाहिला होता.

आत्या : किडनीचा आजार झाला की घरोघर एकच समजूत असते, की डाळ बंद. सुरुवातीच्या टप्प्यात ती अर्धी खरी आहे. मूत्रपिंड अधू झालंय, डायलिसिस अजून सुरू नाही, तेव्हा प्रथिनं मोजून देतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पस्तीसएक ग्रॅम. पण त्याच माणसाचं डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो. यंत्रातून रक्त शुद्ध होताना अमिनो आम्लंही वाहून जातात. मग किलोमागे एक ते 1.2 ग्रॅमपर्यंत, म्हणजे साठ ते सत्तर ग्रॅम प्रथिनं लागतात. जवळजवळ दुप्पट. पण घरचे जुनंच पथ्य चालवत राहतात, कारण ते डॉक्टरांनीच सांगितलेलं असतं. माणूस आठवड्यातून दोनतीनदा डायलिसिसला येतो आणि दर महिन्याला दंड बारीक होत जातात. घरचे म्हणतात, आजारच असा आहे. आजार नाही, ती उपासमार असते.

लेक : हे मला माहीत आहे. परीक्षेत लिहून गुणही मिळवलेत.

आत्या : माझ्याकडच्या एका मुलीलाही माहीत होतं. हुशार होती, तुझ्यासारखीच. केस शीटवर किडनीचा आजार असं वाचलं, वजन घेतलं, पस्तीस ग्रॅमचा तक्ता सुरेख अक्षरात लिहिला आणि सहीला माझ्याकडे आणला. मी एवढंच विचारलं, ‘याच्या हाताला फिश्चुला आहे, तो पाहिलास का?’ डायलिसिससाठी मनगटाजवळ रक्तवाहिन्या जोडतात, त्याचा फुगीर भाग दिसतो. डायलिसिस चालू झालं होतं. नोंद दुसऱ्या कागदावर होती. ती मुलगी पुन्हा खाटेपाशी गेली, रुग्णाचा हात पाहिला, नवा तक्ता करून आणला. पुस्तकातलं तिला सगळं येत होतं, फक्त हात बघायचं सुचलं नव्हतं. सुचायला कोणीतरी शेजारी उभं असावं लागतं.

यावर लेक थोडा वेळ काही बोलली नाही. मला माझे डी.एड.चे सराव पाठ आठवले. वर्गात मागच्या बाकावर बाई वही घेऊन बसायच्या. पाठाचं टाचण कितीही नेटकं असलं, तरी तिसऱ्या रांगेतल्या मुलाला फळा दिसत नाही हे मला त्यांनीच दाखवलं. पण सराव पाठात माझं चुकलं तर फार तर एक तास वाया जायचा. रुग्णालयात चुकलं तर माणसाच्या अंगावर बेततं.

लेकीचा पुढचा मुद्दा मात्र तितकाच खरा होता.

लेक : आत्या, तू प्रत्येक कागद वाचून सही करायचीस. सगळीकडे तसं नाही. लॉगबुकात केसेस भरायच्या असतात. शेवटच्या आठवड्यात मुली एकमेकींच्या वह्या पाहून भरतात आणि सह्या गठ्ठ्याने होतात. मग ही इंटर्नशिप ‘देखरेखीखालची’ कशी? तू जिच्याबद्दल बोलतेस ती तुझी इंटर्नशिप होती. मला जी मिळेल ती कशी असेल याची हमी कोण देणार?

आत्या : हे खरं आहे. आणि मला त्याचा तुझ्यापेक्षा जास्त राग आहे. रुग्णालयाला इंटर्न मिळाल्या की एक पगारी जागा भरायची राहते. दोन डायटिशियन पाहिजेत तिथे एक नेमायची आणि उरलेलं काम मुलींकडून काढून घ्यायचं. मग शिकवणारीला वेळ राहत नाही आणि शिकणारीला गुरू राहत नाही. पण खोटी इंटर्नशिप खरी करायला भांडायला हवं. इंटर्नशिपच नको म्हटलं तर मुली पुस्तकातून थेट रुग्णाच्या उशाशी जातील.

लेक : मी रुग्णाच्या उशाशी जाणारच नाहीये. मला दिलेली नोकरी घरात बसलेल्या लोकांसाठी आहे. वजन कमी करायचंय, पीसीओएस आहे, साखर थोडी वर आहे, अशी माणसं. ही माणसं रुग्णालयात येत नाहीत. आणि आपल्या देशात आहाराने होणारे आजार तिथेच आहेत. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातली सतराच्या सतरा सूत्रं रोजच्या जगण्याबद्दल आहेत: तेल, मीठ, साखर, गर्भारपण, बाळाचं वरचं अन्न, म्हातारपण. त्यात आयसीयू नाही. मग माझी घडण आयसीयूत का व्हायची?

आत्या : फोनवरचा माणूस धडधाकट आहे, हे तुला कोणी सांगितलं?

लेक : फॉर्म भरून घेतो आम्ही.

आत्या : फॉर्मवर ‘मधुमेह, गोळी चालू’ एवढं लिहिलेलं असतं. कुठली गोळी? एसजीएलटी-2 गटातली असेल, डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, आणि तू भात-पोळी तोडून त्याला कीटो आहारावर ठेवलंस, तर रक्तात कीटोन साचून तो अत्यवस्थ होऊ शकतो. आणि साखर फार चढलेली नसते म्हणून घरच्यांच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्याला हृदयाची झडप बदललेली असते, तो वॉर्फरिन घेत असतो. तू प्रेमाने रोज पालक-मेथीचा रस सांगतेस. त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम उतरतो. त्याला पालेभाजी बंद करायची नसते, रोज साधारण सारख्या प्रमाणात ठेवायची असते. तिसरी बाई इन्सुलिनवर असते आणि तिची संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार सगळं कडक. सकाळचं इन्सुलिन घेऊन दुपारपर्यंत काही नाही, आणि मग साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा. ‘उपास करू नका’ म्हणालीस तर ती तुला पुन्हा फोन करणार नाही. भगर, राजगिरा, ताक, शेंगदाणे, दही यांची वेळ बसवून, डॉक्टरांकडून इन्सुलिनची मात्रा बदलून घेऊन तिचा उपास पार पाडायचा असतो. वॉर्डात अशी शंभर माणसं भेटली की फोनवर काय विचारायचं ते कळतं.

लेक : पण फोनवरचं माणूसही शिकण्याची जागा असू शकते ना? रुग्णालयाबाहेर, चांगल्या क्लिनिकमध्ये, अंगणवाडीत, खेळाडूंच्या प्रबोधिनीत, तिथल्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली का नाही? माझा आक्षेप नजरेला नाही, आत्या. चार भिंतींना आहे.

इथे लेकीने वाद एका पायरीने वर नेला असं मला वाटलं. अमेरिकेत नोंदणीकृत डायटिशियन होण्यासाठी किमान 1,000 तासांचा देखरेखीखालचा सराव लागतो आणि त्यात दवाखान्याबरोबर लोकवस्तीतलं काम आणि मोठ्या स्वयंपाकघरांचं व्यवस्थापनही येतं. आपल्याकडे पोषणाचं शास्त्र मुळात वस्तीतूनच आलं. 1918 मध्ये कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीचा अभ्यास करायला एक लहानसं केंद्र काढलं, त्याचीच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. सामान्य माणसाच्या ताटातल्या उणिवेपासून सुरू झालेल्या शास्त्राचं शिक्षण रुग्णालयाच्या फाटकाआत संपावं, हे मलाही पटत नाही.

आत्याने मान हलवली, पण लगेच ती मेळघाटाकडे वळली.

आत्या : वस्तीत जा, जरूर जा. मीच म्हणेन की सहातले दोन महिने जव्हार-मोखाड्याला नाहीतर धारणीला काढावेत. पण तिथे देखरेख कमी लागते असं समजू नकोस. पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित मूल येतं. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी. हाडं दिसतायत. तुला काय वाटेल? खाऊ घालूया, भरपूर, लगेच. आईलाही तेच वाटतं. आणि तिथेच घात होतो. उपाशी शरीराने आपला कारभार आवरता घेतलेला असतो. एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं, हृदय थांबू शकतं. म्हणून पहिले काही दिवस एफ-75 नावाचं पातळ दूध, शंभर मिलिलिटरमध्ये पंचाहत्तरच कॅलरी, तेही दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. मूल सावरलं, भूक परतली, मग एफ-100. आणि मूल पांढरं पडलेलं दिसत असलं तरी सुरुवातीच्या दिवसांत लोहाचं औषधसुद्धा देत नाहीत. मायेने वागायचं तर हात आखडता घ्यावा लागतो. आईला ते समजावणं सगळ्यात अवघड. ती म्हणते, माझं लेकरू भुकेलं आहे आणि तुम्ही वाटीभर पाणी पाजताय. तिच्याशी काय बोलायचं हे मला एका परिचारिकेने शिकवलं होतं, कुठल्या प्राध्यापकाने नाही.

लेक : काय बोलायचं?

आत्या : तिच्या हातात वाटी-चमचा द्यायचा आणि शेजारी बसायचं. बोलायचं नंतर.

त्या रात्री जेवताना दोघी बराच वेळ त्या केंद्रांबद्दलच बोलत होत्या. रात्रपाळीला कोण असतं, आई घरी परतायची घाई का करते, घरी दुसरं मूल एकटं असतं, बुडालेल्या मजुरीचं काय, घरी गेल्यावर मूल पुन्हा घसरतं ते का. तेव्हा वाद नव्हता. मला वाटतं, लेकीने मनातून निर्णय तिथेच घेतला असावा. पण पैशांचा प्रश्न तसाच होता, आणि तो तिने दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर काढला.

लेक : समजा मला सगळं पटलं. आता हिशेब ऐक. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं, मेस, बसचा पास, वर परीक्षेचं शुल्क. सहा महिने. काही रुग्णालयं तर इंटर्नकडूनच शुल्क घेतात. माझ्या वर्गातल्या दोघींनी याच कारणाने नाद सोडला. एकीचे वडील औश्याकडे शेती करतात, यंदा सोयाबीनला भाव नाही. ती वर्गात पहिली आली होती. आता ती एका पावडर विकणाऱ्या दुकानात ‘न्यूट्रिशनिस्ट’ म्हणून बसते. तुमच्या सहा महिन्यांनी चांगल्या डायटिशियन तयार होतात हे खरं. पण त्यांनी पहिल्या आलेल्या मुलीला बाहेर ठेवलं हेही खरं.

आत्या : आम्हालाही कोणी पैसे दिले नव्हते. मी डोंबिवलीहून लोकलने यायची, डबा घरचा. झालंच ना?

इथे मी मध्ये पडले. ‘ताई, तुम्हाला डोंबिवलीत घर होतं,’ मी म्हटलं. ‘लातूरहून रोज लोकल येत नाही.’

हे मी रागाने म्हटलं नाही. पण मला ते म्हणायलाच हवं होतं. आधीच्या पिढीने सोसलं म्हणून पुढचीने सोसावं, यात शिक्षण कुठेच नाही. शिक्षणसेवकाला मानधन कमी मिळतं अशी आम्ही शिक्षक मंडळी वर्षानुवर्षं ओरड करत आलो, पण मिळतं तरी. एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला आंतरवासितेच्या वर्षात विद्यावेतन मिळतं. तो शिकत असतो आणि कामही करत असतो, हे सरकारने मान्य केलेलं आहे. त्याच वॉर्डात, त्याच रुग्णाच्या नळीतून किती आणि काय जायचं ते ठरवणाऱ्या मुलीचं शिकणं आणि काम मात्र मोजदादीत धरलं जात नाही. या क्षेत्रात बहुतांश मुली आहेत, आणि म्हणूनच हे इतकी वर्षं खपून गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वयंपाक, वाढणं, पथ्यपाणी ही बायकांनी घरात फुकट करायची कामं. तीच रुग्णालयात केली तर वेतन कसलं, ही समजूत अजून गेलेली नाही.

आत्या : तू म्हणतेस ते चूक नाही. पण माझी भीती ऐका दोघी. उद्या विद्यावेतन सक्तीचं केलं तर निम्मी रुग्णालयं इंटर्न घेणंच बंद करतील. आत्ताच जागा कमी आहेत. मग ती औश्याची मुलगी पैशाअभावी नाही, तर जागेअभावी राहील.

लेक : मग जागा द्यायला त्यांना भाग पाडायचं. रुग्णालयाला आपल्या फलकावर मानांकन मिरवायचं असतं ना? दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाची पोषणस्थिती तपासा, असं मानांकनवाले सांगतातच. त्याला जोडून म्हणायचं, खाटांच्या प्रमाणात डायटिशियन नेमा आणि त्यांच्या हाताखाली विद्यावेतनावर शिकाऊ घ्या.

आत्या : आणि सरकारी रुग्णालयं?

लेक : ती तर पहिली. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात इंटर्न असत्या तर मला लातूर सोडावं लागलं नसतं. जिल्ह्याची मुलगी जिल्ह्यातच शिकली तर खोलीभाड्याचा प्रश्नच निम्मा होतो. आणि तिला बाभळगावच्या आजीचं जेवणही कळतं. पुण्याची इंटर्न त्या आजीला ओट्स लिहून देते.

आत्या : ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी. हो. त्यातच सगळं बसवता येतं, मीठ तेवढं हाताने कमी करायचं.

मला ही सूचना या सगळ्या वादातली सर्वांत मोलाची वाटली. आपल्याकडे अन्नाच्या पोषणमूल्यांचे तक्ते उत्तम आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये देशभरातून नमुने गोळा करून 528 अन्नपदार्थांचे घटक छापले. पण रुग्णाच्या वाटीत त्यातलं काय आणि किती येतं हे त्या जिल्ह्यातल्या माणसालाच चटकन समजतं. त्या समजुतीला शास्त्राची जोड द्यायची, तर शिकवणारा वॉर्ड जिल्ह्यात हवा.

आणखी एक गोष्ट दोघींनी एकमताने सांगितली. ती ऐकून मला धक्का बसला. आपल्याकडे ‘आहारतज्ज्ञ’ अशी पाटी कोणीही लावत आलं आहे. आठवड्याचा ऑनलाइन कोर्स केलेला आणि साडेपाच वर्षं शिकून आरडी झालेली, दोघांच्या पाट्या सारख्याच. ब्रिटनमध्ये हे चालत नाही. तिथे ‘डायटिशियन’ ही कायद्याने राखलेली उपाधी आहे आणि नोंदणी नसलेल्याने ती लावणं गुन्हा ठरतो. इंग्लंडमध्ये डायटेटिक्स शिकणाऱ्यांना 2020 पासून सरकारकडून वर्षाला किमान 5,000 पौंडांचं अनुदान मिळू लागलं, आणि ते परत करायचं नसतं. आपल्याकडे इंडियन डायटेटिक असोसिएशन 1963 पासून काम करते आहे, आरडी परीक्षाही घेते. पण ती व्यावसायिकांची संघटना आहे, तिची नोंदणी घ्या अशी सक्ती ती कोणावर करू शकत नाही. 2021 मध्ये संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्याच्या अनुसूचीत पहिल्यांदा डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट यांची नावं आली. केंद्रात आयोग, राज्यांत परिषदा, नोंदवह्या अशी त्याची रचना आहे.

लेक : कायदा नीट लागू झाला की माझ्या सहा महिन्यांना अर्थ येईल. तोवर मी आरडी होऊनही त्या पावडरच्या दुकानाच्या शेजारीच बसणार, आणि गिऱ्हाईक स्वस्त असेल तिकडे जाणार.

आत्या : गिऱ्हाईक जाईल. रुग्ण तुझ्याकडे येईल, पण बहुतेक वेळा उशिरा. आधी पावडर घेऊन, मग पाय सुजवून.

लेक : म्हणूनच तर म्हणते, आत्या. फक्त आम्हाला घडवू नका. आमच्या बाजूने उभ्याही राहा. तुमच्या पिढीतल्या किती जणींनी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना कधी सांगितलं, की माझ्या इंटर्नला पैसे द्या?

आत्या लगेच काही म्हणाली नाही. मग म्हणाली, ‘मी जागा वाढवून मागितल्या होत्या. पैसे मागितले नव्हते. मागायला हवे होते.’

दोघींचं सगळं ऐकल्यावर माझं मत असं झालं आहे. देखरेखीखालची इंटर्नशिप हवीच, आणि सहा महिने हे जास्त नाहीत. डायलिसिसचा रुग्ण, उपाशी मूल, उपास करणारी इन्सुलिनवरची बाई यांच्यापुढे पुस्तकातून थेट जाऊ देणं म्हणजे शिकाऊ मुलीशीही निर्दयपणा आहे आणि रुग्णाशीही. पण ज्या इंटर्नशिपमध्ये कागद न वाचता सही होते, तिला मान्यता देणं बंद झालं पाहिजे. एका डायटिशियनच्या हाताखाली किती इंटर्न, हे ठरलं पाहिजे. सहापैकी काही महिने रुग्णालयाबाहेर, अंगणवाडी आणि पोषण पुनर्वसन केंद्रात गेले पाहिजेत. आणि विद्यावेतन मिळालंच पाहिजे. सुरुवात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांच्या तिजोरीतून व्हावी, कारण तिथे डॉक्टरांच्या आंतरवासितेची व्यवस्था आधीच आहे आणि त्याच यादीत आणखी काही नावं घालायची आहेत.

लेक पुण्याला जाते आहे. खर्च तिचे बाबा आणि मी करू. दोघंही नोकरीत आहोत म्हणून ते जमतं. औश्याच्या त्या मुलीला ते जमलं नाही, आणि पुढच्या वर्षी अशी आणखी कोणी असेल.

वाचकांना एक विनंती. तुम्ही किंवा घरचं कोणी आहाराचा सल्ला घ्यायला जाल, समोरासमोर किंवा फोनवर, तेव्हा तक्ता हातात घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: तुमची नोंदणी आहे का, आणि इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात केली? आणि तुमच्या जिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर ओळखीचं कोणी असेल, तर त्यांना तिसरी गोष्ट विचारा, की इथे डायटिशियन किती आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींना काय मिळतं?